मठारचा झीलकरी

रामदास खिल्लारेचा डावा कान कारखान्यानं खाल्ला होता. उजवा अर्धा उरला होता. त्या अर्ध्या कानाचं काय करायचं, यावरून दिवाळीआधी त्याच्या घरात जे भांडण झालं, ते वाघोलीतल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांनी ऐकलं. एकट्या रामदासलाच ते नीट ऐकू आलं नाही.

कारखाना नगर रस्त्यावर, वाघोलीच्या पुढं. गाड्यांचे पत्रे दाबायचे अजस्र प्रेस तिथं एका ओळीत उभे आहेत. एक प्रेस खाली बसला की पायाखालची फरशी उडते, आणि असे कितीतरी प्रेस दिवसरात्र उठतात, बसतात. कानात घालायची बोंडं साहेबांनी दिलेली होती. पण बोंडं घातली की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, आणि हाक ऐकू आली नाही तर प्रेसखाली हात जातो. म्हणून माणसं बोंडं खिशात ठेवायची, हात वाचवायची आणि कान द्यायची. रामदासनं वीस-बावीस वर्षं असाच व्यवहार केला. दहाही बोटं शाबूत राहिली.

कानाच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी कागदावर रेघोट्या काढून दाखवल्या आणि हिराला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं, "डावा विसरा. उजव्यात जे उरलंय, ते जपलं तर जन्मभर पुरेल. एक मोठा दणका बसला तर तेही जाईल. लग्नाचा डीजे नको, मिरवणूक नको, फटाके नकोत." रामदासची बदली मग गोदामात झाली. तिथं पुठ्ठ्याची खोकी आणि शांतता. घरी आम्रपाली, त्यांची कॉलेजातली मुलगी, त्याच्या उजव्या बाजूला बसून बोलायची आणि तिचं बोलणं त्याला विहिरीच्या तळातून आल्यासारखं का होईना, पण ऐकू यायचं.

आणि मग बातमी आली की मठार पुन्हा एकत्र येतंय. एकदाच. खराडीकडच्या मोठ्या मैदानावर.

मठार म्हणजे काय हे आता थोडं सावकाश सांगायला हवं. तांब्याचं भांडं घडवताना तांबट हातोडीनं त्याच्यावर एकासारखे एक ठोके मारतो आणि त्यांतून चमकते खळगे उठतात, त्याला मठार म्हणतात. कसबा पेठेतल्या एका तांबटाच्या घरात इंद्रजीत नावाचा मुलगा जन्माला आला. बापाच्या हातोडीचा ठोका त्यानं लहानपणापासून ऐकलेला. पुढं त्यानं दोन गिटारवाले आणि एक ड्रमवाला गाठला, तो ठोका ड्रमवर चढवला आणि मठार या नावानं मराठीत रॉक गायला सुरुवात केली. त्या काळी कॉलेजातली पोरं इंग्रजीच गायची. मराठीत गायचं म्हणजे भावगीत किंवा आरती, असा पुण्याचा समज होता. या चौघांनी तो समज मोडला. त्यांच्या गाण्यात प्रेयसी नव्हती, चंद्र नव्हता. भट्टी होती, भाडोत्री खोली होती, रात्रपाळी होती.

रामदास तेव्हा नुकताच रिसोडकडच्या आपल्या गावाहून पुण्याला आला होता. आयटीआयचं शिक्षण, एका खोलीत आठ पोरं, आणि बोललं की लोक हसणार. "काऊन" म्हटलं की हसणार, "मले" म्हटलं की हसणार. म्हणून तो बोलतच नसे. एका संध्याकाळी कुठल्याशा कॉलेजच्या स्नेहसंमेलनातून आवाज आला. आत सोडेनात म्हणून तो कुंपणाच्या भिंतीवर चढून बसला. आत इंद्रजीत 'भाता' गात होता.

ओढ भाता, ओढ गड्या, राख दिसली तरी ओढ;
राखेखाली लाल आहे, अजून थोडं लाल आहे.

भिंतीवर बसल्या बसल्या रामदासला त्याचा बाप आठवला. बाप श्यामराव गावातल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत होता. पुढं उभा राहून गाणारा शाहीर तो नव्हे. मागं उभा राहून शाहिराची ओळ उचलून धरणारा, म्हणजे झीलकरी. झील धरण्याची रीत बापानं त्याला लहानपणीच शिकवली होती. "शाहीर दमते. दमनारच, मानूस हाय. तो थांबला का आपन उचलाचं. सूर भुईले टेकू द्याचा नाही. तो काऊन थांबला, काय झालं, हे मंग इचारता येते."

त्या संध्याकाळी शेवटच्या कडव्यापाशी इंद्रजीतचा दम खरोखरच संपला. तो माइकच्या दांड्याला धरून वाकला. ड्रम चालू, गिटारी चालू, आणि गाणं मात्र अधांतरी. पोरं नुसती बघत उभी. तेव्हा भिंतीवरून एकच आवाज आला. रामदासनं ओळ उचलली होती. त्याला ती ओळ यावी कशी? इंद्रजीतनं ती आधी एकदा गाण्याच्या सुरुवातीला म्हटली होती, आणि झीलकऱ्याच्या पोराला एकदा ऐकलेलं पुरतं.

माझा दम सरला तर तुझा दम घाल गड्या;
भट्टी गार पडता नये, भट्टी गार पडता नये.

बघता बघता सगळं पटांगण ते म्हणू लागलं. इंद्रजीतनं मान वर केली, भिंतीकडं बोट केलं आणि माइकमधून म्हणाला, "तो कोण वर बसलाय? त्याला आत घ्या रे. तिकीट त्यानं आत्ता भरलं."

तिथून रीत पडली. पुढं प्रत्येक कार्यक्रमात 'भाता'च्या शेवटच्या कडव्याला इंद्रजीत गप्प व्हायचा, माइक खाली करायचा, दिवेवाला मंचावरचे सगळे दिवे घालवायचा आणि अंधारात लोक गायचे. त्यांची एकच कॅसेट निघाली. तिच्यात ते कडवं गायलेलंच नाही. नुसता ठोका वाजतो आणि जागा रिकामी आहे. ती जागा भरणारे ते झीलकरी. मठारचे चाहते स्वतःला हेच नाव लावायचे. हळूहळू तो शब्द कुठून आला हे सगळे विसरले. रामदासनं कधी कोणाला सांगितलं नाही.

सात-आठ वर्षांत मठार फुटलं. का फुटलं, याबद्दल झीलकऱ्यांमध्ये अजून वाद आहेत. एक परदेशी गेला, एकानं दुकान टाकलं, एक लग्नांत वाजवू लागला. इंद्रजीत कसब्यात परत गेला आणि लहान मुलांना गाणं शिकवत राहिला. पण झीलकरी काही फुटले नाहीत. कोणाच्या दंडावर ते कडवं गोंदलेलं आहे, कोणी वरातीत बँडवाल्यांना बाजूला सारून ते गायलं. रामदासचं म्हणाल, तर बाप गेला त्या रात्रीच्या एसटीत तो ते पुटपुटत गेला. आम्रपाली अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि काचेच्या पेटीत ठेवली, तेव्हा काचेला तोंड लावून त्यानं तिला तेच म्हणून दाखवलं. प्रेसखाली एका सोबत्याचा पंजा गेला. टेम्पोतून दवाखान्यात नेताना तो डोळे मिटायला लागला, तेव्हा रामदासनं त्याच्या कानाशी तेच लावून धरलं. भट्टी गार पडता नये. तो सोबती जगला. त्या दोन ओळींवर इतकी वर्षं एक माणूस उभा राहिला, आणि असे हजारो.

आता भांडणाकडं येऊ.

"डाक्टरीनबाईनं काय सांगतलं होतं?" हिरानं त्याच्या उजव्या कानापाशी येऊन विचारलं.

"एकच संध्याकाळ हाय, हिरा."

"कानाले काय समजते, एक का दहा?"

"त्याचा आवाज एकडाव ऐकाचा हाय. मंग जाऊ दे कान."

"मंग जाऊ दे? पोरगी बाबा म्हनन ते कोन सांगन तुम्हाले? मी? हातवारे करून?"

आम्रपाली मध्ये पडली. "बाबा, यूट्यूबवर सगळं आहे त्यांचं. हेडफोन लावून हळू आवाजात ऐका ना."

"ते झालेलं गानं हाय बेटा. होनारं नाही."

हिरा कणीक मळायला बसली. तिनं मठारला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सवत म्हटलं होतं. कणीक तिंबता तिंबता ती म्हणाली, "जा. सवतीचा कार्यक्रम हाय, तुम्ही गेल्याबिगर राहता काय! पन मी संगं येतो. उद्या कोनी म्हनाले नको का हिरा कुठं होती म्हनून."

मैदानावर माणूस मावत नव्हतं. पोट सुटलेले, केस गेलेले जुने झीलकरी होते, आणि मठार फुटलं तेव्हा जे चड्डीत फिरत होते असे तरुणही होते. अभिनव त्यांच्यापैकीच. खराडीत कॉम्प्युटरवर काम करायचा, झीलकऱ्यांचा ग्रुप तोच चालवायचा. त्यानं रामदासचा दंड धरला आणि गर्दी फोडत ओरडू लागला, "जरा साइड द्या ना भाऊ! काका ओजी आहेत, पहिल्या दिवसापासूनचे!" असं करत त्यानं दोघांना पार मंचासमोरच्या कठड्याशी नेऊन उभं केलं. डोक्याएवढ्या उंचीचे स्पीकर तिथून हाताच्या अंतरावर.

इंद्रजीत मंचावर आला. दाढी पांढरी, अंगानं वाळलेला, पण मान तीच, तिरकी. रामदासच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गाणं सुरू झालं आणि त्याला कळलं की आपण फसलो.

ऐकू येतच नव्हतं. म्हणजे दणका येत होता, छाती हलत होती, कठड्याची लोखंडी नळी हातात थरथरत होती. पण त्या सगळ्या खळबळीतून इंद्रजीतचा आवाज वेगळा निघेना. पुराच्या पाण्यात आपल्या घरचं भांडं वाहून जाताना दिसावं आणि हाती लागू नये, तसं झालं. ज्या आवाजासाठी तो उरलासुरला कान घेऊन आला होता, तो आवाज समोर दहा हातांवर होता, आणि कानात नुसता गाळ भरत होता. हिरानं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं हसून मान डोलावली. येतंय, येतंय.

मग त्यानं कानाचा नाद सोडला आणि डोळ्यांनी ऐकायला सुरुवात केली. इंद्रजीतच्या ओठांकडं बघायचं आणि आतला जुना आवाज त्यावर बसवायचा. गाणी सगळी तोंडपाठ. असं करत करत 'भाता' आला.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. दुसऱ्याच्या मध्येच इंद्रजीत थांबला.

अजून एक पूर्ण कडवं बाकी होतं. रामदासला ते कळलं, नाही असं नाही. इंद्रजीतचा माइक खाली आला. त्याचा चेहरा एका बाजूला ओढला गेला, रामदासला वाटलं रडू आवरतोय. ओठ हलले, पुन्हा हलले. रामदासला वाटलं, म्हणतोय आपल्याबरोबर, हळू. आजूबाजूचे लोक घोटाळले, इतक्या लवकर कसं, म्हणून एकमेकांकडं पाहू लागले. आणि झीलकऱ्याच्या पोराच्या मनात आलं की इतक्या वर्षांनी भेटतोय म्हणून आज त्यानं आपल्याला एक कडवं जास्तीचं दिलं.

सूर भुईला टेकू द्यायचा नाही. रामदासनं हात वर केला आणि छाती फाडून ओळ उचलली.

माझा दम सरला तर.

मागून हजारो गळे आले. दिवेवाल्यानं रीतीप्रमाणे मंचावरचे दिवे घालवले. मैदानभर मोबाइलचे दिवे लागले, जसं आभाळ खाली उतरून बसावं. मंचावरचे तिघे माना खाली घालून ठोका धरून होते. झील चालू असताना त्यांनी मान वर करायची नाही, हीही रीतच. लोक थांबेनात. कडवं संपलं की पुन्हा धरायचे, पुन्हा, पुन्हा. दिवे आले तेव्हा इंद्रजीत माइकच्या दांड्याशी खाली बसलेला होता आणि त्याचा एकच हात वर होता. लोकांना वाटलं नमस्कार करतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग गिटारवाल्यानं त्याला काखेत धरून आत नेलं. मंचावरून कोणीतरी सांगितलं की इंद्रजीत फार भारावलेत, आता आपण इथंच थांबू. रुग्णवाहिकेला फाटकातून निघायला वेळ लागला. फाटकात लोक गळ्यात गळे घालून भाता गात होते.

परत येताना रामदासच्या उजव्या कानात शिटी वाजत होती. चार-पाच दिवस वाजली. मग तीही गेली. आम्रपालीनं त्याच्यासमोर उभं राहून बाबा म्हटलं. त्यानं ते तिच्या ओठांवर वाचलं.

बातमी अशी आली की कार्यक्रम संपल्यावर आत गेल्यावर इंद्रजीतला अर्धांगाचा झटका आला. संपल्यावर. झीलकऱ्यांनी त्यावर केवढा मोठा अर्थ चढवला! शेवटचं गाणं त्यानं आपल्या हाती सोपवलं आणि मगच पडला. अंधारातल्या त्या गाण्याचा व्हिडिओ गावोगाव पोचला. त्यात सगळ्यात पुढं रामदास, हात वर, मानेच्या शिरा फुगलेल्या. गोदामातले लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. अनोळखी पोरं त्याच्यासोबत फोटो काढायची. कान गेला, आवाज ऐकू आला नाही, पण रामदास आत कुठंतरी ताठ झाला होता. बापानं दिलेली विद्या कामी आली, असं त्याला वाटत होतं. हे त्याचे शेवटचे सुखाचे दिवस.

इंद्रजीतला घरी आणल्याचं कळलं, तेव्हा तो हिराला घेऊन कसब्यात गेला. आळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार शकूताईंनी उघडलं, इंद्रजीतची थोरली बहीण. सत्तरीच्या, ताठ, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. हिरानं फळांची पिशवी पुढं केली.

"फळं आणायची पद्धत आहे म्हणून आणलीत," शकूताई म्हणाल्या, "का त्याला चावता येतं असं तुम्हाला कोणी कळवलं?"

हिरा ओशाळली. "यांले ऐकू येत नाही ताई. मी सांगतो यांले. हे त्यांचे फार पुराने..."

"माहीत आहे हे कोण आहेत ते. व्हिडिओत हात वर केलेले. शंभर जणांनी पाठवलाय मला तो. कौतुकानं." त्या बाजूला झाल्या. "या. बसा. आता आलाच आहात तर."

इंद्रजीत खिडकीपाशी खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर परक्या वस्तूसारखा पडलेला. रामदासनं हात जोडले आणि बोलू लागला. आपला आवाज किती मोठा निघतोय हे त्याला कळत नव्हतं. सगळी खोली भरून गेली. "दादा, मी तो भिंतीवरचा! तुम्ही म्हटलं होतं त्याला आत घ्या! त्या दिवशीबी मीच उचललं, दादा! पडू नाही देल्लं!"

इंद्रजीतचे डोळे मोठे झाले. ओठ वाकडे होऊन हलले. पुन्हा हलले. डावा हात वर आला.

"काय म्हनतात?" रामदासनं हिराला विचारलं.

हिरा शकूताईंकडं बघत होती.

"तेवढा एकच शब्द राहिलाय त्याच्यापाशी," शकूताई म्हणाल्या. "चहा हवा तरी तोच, नको तरी तोच. दुखतंय तरी तोच. डॉक्टर म्हणतात, झटका येताना माणूस जे बोलत असतो, कधीकधी तेवढंच मागं राहतं."

"कार्यक्रमानंतर आला ना ताई झटका?" हिरानं विचारलं.

"पेपरात नंतर आला. प्रत्यक्षात दुसऱ्या कडव्यात आला. गिटारवाल्यानं मला सगळं सांगितलं, रडत. खाली बसून हात वर करून सांगत होता म्हणे तुम्हा सगळ्यांना. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर बोलला असता." त्यांनी चष्मा पदरानं पुसला. "पण आवाज फार छान लागला होता हो तुमचा. सगळेच म्हणतात."

रामदास हिराचा दंड हलवत होता. काय म्हणतात? सांग ना. काय म्हणतात दादा? तिला खोटं सांगता आलं असतं. धन्यवाद म्हणतात, असं म्हणायला काय लागत होतं? तिनं तोंड उघडलंही होतं. पण इंद्रजीत पुन्हा तेच म्हणाला, रामदासच्या तोंडाकडं बघत, आणि तिला ते जमलं नाही. ती नवऱ्याच्या समोर आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सावकाश, ओठ पुरते उघडून म्हणाली, "थांबा."

"थांबलो ना. कुठं चाललो मी?"

तिनं मान हलवली. इंद्रजीतकडं बोट केलं. मग बोट मागं नेलं, त्या मैदानाकडं, त्या संध्याकाळकडं. "तवा. तवा म्हनत होते. थांबा."

रामदासनं इंद्रजीतच्या ओठांकडं पाहिलं. ते पुन्हा मिटले, उघडले. मंचावर पाहिलेले तेच ओठ. आता त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं. दिवे जाण्याआधीचं, लोक गायला लागायच्या आधीचं. एका माणसानं जीव एकवटून काढलेला एक शब्द, आणि त्याच्यावर आपण घातलेला हजारो माणसांचा गळा. रामदास उभ्याचा खाली फरशीवर बसला. शकूताईंनी चहा विचारला नाही. निघताना दारात त्या हिराला म्हणाल्या, "माणसं वाईट नाही तुम्ही. पण आता येऊ नका. तो रात्री झोपत नाही मग."

दरवर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी झीलकरी वेताळ टेकडीवर जमतात. मठार फुटण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम ज्या आठवड्यात झाला होता, त्या आठवड्यातला रविवार. या वर्षी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लोक आले होते. काहींच्या सदऱ्यावर तो वर केलेला हात छापलेला होता. रामदासचा हात. त्याला येताना पाहून लोकांनी वाट करून दिली, टाळ्या वाजवल्या.

रामदास दगडावर चढला आणि त्यानं सांगितलं. शकूताईंनी सांगितलेलं सगळं. झटका कधी आला, तो काय म्हणत होता, अर्धा तास कशात गेला. म्हणाला, हे गाणं आता गाऊ नका. निदान हे कडवं तरी. मी चालू केलं होतं, मीच म्हणतो, बंद करा.

लोक चुळबुळले. अभिनव पुढं आला. त्यानं मोबाइलवर लिहून त्याच्यासमोर धरलं: काका, तुम्ही खूप मनाला लावून घेतलंय. कोणी मुद्दाम केलं नाही ना? तुमचा दोष नाही.

"माहा एकट्याचा कोन म्हनते? आपल्या सगळ्याइचा हाय," रामदास म्हणाला.

अभिनवनं पुन्हा लिहिलं: माझे पप्पा गेले तेव्हा मी या ओळींवर काढलं वर्ष. ते चुकीचं होतं का?

रामदासनंही बापाचं मरण याच ओळींवर काढलं होतं. तो दगडावरून उतरून हिराशेजारी उभा राहिला. मागून कोणीतरी काहीतरी म्हणालं. हिराचा चेहरा उतरला, म्हणजे काही चांगलं म्हणालं नसणार. मग कोणी ठोका धरला. दोन दगड एकमेकांवर. लोकांनी गोल केला, हात हातांत घेतले. त्यांच्या चेहऱ्यांवर वाईट काही नव्हतं. दुःख होतं, माया होती, इंद्रजीतसाठी प्रार्थना केल्यासारखे डोळे मिटलेले होते. तोंडं उघडली, मिटली. टेकडीवर ऊन पडलं होतं, खाली सगळं पुणं पसरलं होतं आणि त्याला काडीचा आवाज नव्हता.

रामदास त्या तोंडांकडं बघत राहिला. दुसरं कडवं चालू असावं. मग ते संपत आलं असावं. त्याला वाटलं, निदान आपल्याला तरी बहिरेपणानं यातून सोडवलं. आपल्या कानांवर काही येत नाही, आपण यात नाही.

तेवढ्यात हिरानं त्याचा खांदा धरून त्याला आपल्याकडं वळवलं. ती रडत होती. तिनं तळहात उचलला आणि त्याच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. तेव्हा, तिच्या तळव्याखाली आपले ओठ हलताना लागले तेव्हा, रामदासला कळलं की आपण गातोय.